नवरा गाडीत, मी फलाटावर

ज्या दिवशी मी नवऱ्याला आणि सहा वर्षांच्या मुलीला रेल्वेत सोडून उतरून गेले, त्या दिवशी मंगळवार होता. (यात मंगळवारचा काहीही दोष नाही.)

आम्ही जालन्याचे, मस्तगडात राहणारे. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि आमच्या ह्यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे. गार्गी तेव्हा सहा वर्षांची होती, शंभू साडेतीनचा. दोघांना बर्फ दाखवायचाच, असं मी त्या उन्हाळ्यात ठरवलं. बर्फ बघायचा तर मनालीला जायचं, म्हणजे आधी मनमाड, मग दिल्ली, मग डोंगरातली बस! हे म्हणाले, "बर्फ तं आपल्या फ्रीजमधी बी हाय की!" मी लक्ष दिलं नाही. वर्गातल्या चाळीस पोरांची सहल एकटीनं नेऊन आणणारी बाई मी. घरची दोन पोरं आणि एक नवरा म्हणजे काय मोठं!

सामानाचे नऊ नग झाले. त्यातला एक नुसता औषधांचा, एक नुसता धपाट्यांचा. पहाटेच्या गाडीनं मनमाडला आलो, दिल्लीच्या गाडीत बसलो, खिडकीजवळच्या जागा मिळाल्या. एसीचं तिकीट मिळालं नव्हतं, पण पोरं खूश होती. शंभू ह्यांच्या फोनवर कार्टून बघत होता. माझा फोन मी बाकाशेजारी चार्जिंगला लावला. सगळं इतकं बिनबोभाट चाललं होतं, की मी समोरच्या बाकावरच्या काकूंना सांगितलं, "नियोजन बराबर असलं की लेकरं त्रास देत न्हाईत!"

भुसावळला गाडी थांबली. गार्गी म्हणाली, "पप्पा, केळी."

"दोन मिनिटांत आलो," म्हणून हे तिचं बोट धरून उतरले.

दोन मिनिटं झाली. पाच झाली. गाडीनं शिट्टी दिली. मी खिडकीतून डोकं काढून बघते तर फलाटावर हजार माणसं, त्यात हे कुठंच नाहीत! गाडी हलली. मी दाराकडे धावले, परत शंभूकडे धावले, पुन्हा दाराकडे. फलाट संपला. चहावाले, हमाल, पाण्याचे नळ, सगळं मागं गेलं आणि नवरा आला नाही.

"फोन करा ना त्यांना," काकू म्हणाल्या.

मी फोन केला. शंभूच्या हातातला फोन वाजला. ह्यांचा फोन त्याच्याचकडे होता!

सहा वर्षांची पोर, अनोळखी स्टेशन, बापाच्या खिशात ना फोन ना तिकीट. साखळी ओढावी म्हणून मी बाकावर चढले, पण शंभूनं माझा पदर धरून असा गळा काढला की मी खाली बसले. तोवर अख्ख्या डब्यानं माझा संसार हाती घेतला होता. कुणी म्हणालं, पोलिसांना कळवा. कुणी म्हणालं, ते मागच्या गाडीनं येतील. काकू ठामपणे म्हणाल्या, "हे बघा, पुढच्या स्टेशनावर गपचूप उतरा अन् परतीच्या गाडीनं भुसावळला जा. मी असते तं हेच केलं असतं."

काकूंचा आवाज फार खात्रीचा होता. मला पटलं. मी चप्पल घातली, शंभूला कडेवर घेतलं आणि नऊ नग दाराशी आणले. डब्यातल्या लोकांनी मदतही अशी केली, की छोटं स्टेशन येताच माझ्या आधी माझं सामान उतरलं! गाडी इथं दोनच मिनिटं थांबणार होती. पुढच्या दारानं मी उतरले. एक, दोन, तीन... नऊ. नऊ नग, एक मुलगा. हिशेब बराबर. मी सुटकेचा श्वास सोडला आणि गाडी सुरू झाली.

तेवढ्यात समोरून आमची खिडकी गेली.

खिडकीत गार्गी बसली होती. हातात केळं. मला बघून तिचा चेहरा आनंदानं फुलला.

"आई! टाटा!"

तिच्या मागे हे उभे होते. तोंड उघडं.

झालं होतं असं, की भुसावळला गाडी सुटताना हे पोरीला घेऊन मागच्या जनरल डब्यात चढले. तिथून आमच्या डब्यात यायला आतून वाट नव्हती. म्हणून ह्या स्टेशनावर उतरून, पोरीला खांद्यावर टाकून ते फलाटावरून पळत आले आणि आमच्या डब्याच्या मागच्या दारानं चढले. त्याच क्षणी मी पुढच्या दारानं उतरत होते!

मी गाडीबरोबर धावायला लागले. "साखळी! साखळी ओढा!"

ह्यांनी कानाला हात लावला. "काय?"

"साखळी!"

ह्यांनी गळ्याला हात लावला, सोन्याची साखळी बाहेर काढून मला दाखवली आणि ओरडले, "हाय हाय! गळ्यातच हाय!"

आणि गाडी गेली.

फलाटावर मी, शंभू आणि नऊ नग. एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. मग मला रडू फुटलं. हसायला येतं आता, पण तेव्हा मी औषधांच्या नगावरच बसकण मारली. पोर बापाजवळ आहे हे कळत होतं, तरी डोळ्यांसमोर ती खिडकीच दिसत होती, लांब लांब जाणारी.

स्टेशनमास्तर बाहेर आले. पन्नाशीचे, शांत गृहस्थ. त्यांनी मला आत नेऊन पाणी दिलं.

"काय झालं, ताई?"

"माझे मिस्टर सुटले."

"गाडी चुकली त्यांची?"

"न्हाई, ते गाडीतच हायेत."

"मग चुकलं कोण?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी हसू दाबण्यासाठी मिशीवरून दोनदा हात फिरवला आणि पुढे खंडव्याला निरोप द्यायला फोन उचलला. "तुमचा मोबाइल?" त्यांनी विचारलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझा फोन गाडीतच चार्जिंगला आहे! ह्यांचा फोन मात्र शंभूकडे होता. म्हणजे ह्यांच्याकडे माझा, माझ्याकडे ह्यांचा. मग हे फोन का करत नाहीत? एवढी बायको हरवली आणि माणूस शांत बसला? मला रडता रडता संताप आला.

शंभू कोपऱ्यात कार्टून बघत होता. मध्येच वैतागून त्यानं स्क्रीनवर बोट मारलं.

"काय करून राह्यला रे?"

"सारखा सारखा फोन येऊन राह्यला. मी कट केला."

"कुणाचा?"

"आईचा."

"अरे, मंग उचलायचा न्हाई का?"

शंभूनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कामून? आई तं इथंच हाय."

मी फोन हिसकावला. बावीस मिस्ड कॉल! बावीसच्या बावीस माझे! प्रत्येक वेळी स्क्रीनवर माझा हसरा फोटो आला होता आणि माझ्या लेकानं खात्री करून घेऊन, आई जागेवर आहे हे बघून, तो कापला होता. तर्कात खोट काढायला जागा नव्हती.

मी उलट फोन लावला. रेंज नाही. पुन्हा लावला. नाही. पुन्हा, पुन्हा. तासाभरानं एकदाचा त्यांचाच आला.

"हॅलो! कुठं हाव तुम्ही? गार्गी कशी हाय?"

"गार्गी मजेत हाय, समोसा खाऊन राह्यली. आम्ही खंडव्याला उतरलो. आता तू एक काम कर, बिलकुल डोकं लावू नको. थांब..."

आणि फोन बंद पडला. बॅटरी संपली. सगळी कार्टूननं खाल्ली होती.

थांब! पण कुठं थांब? 'तू तिथंच थांब, मी येतो' का 'थांब, मी सांगतो, तूच ये'? मी विचार करत बसले. डोकं लावू नको असं सांगितलेलं असताना मी ते पूर्ण ताकदीनं लावलं. हे पोरीला घेऊन उन्हातान्हात परत कशाला येतील? दिल्ली पुढं आहे, तेही पुढं आहेत. म्हणजे मीच जायचं! दीड तासानं खंडव्याकडे जाणारी पॅसेंजर आलीच.

"ताई, जाऊ नका," स्टेशनमास्तर म्हणाले. "ते येतीलच."

"तुम्ही ह्यांना ओळखत न्हाई! ते जागचे हलणार न्हाईत."

मी चार नग चढवले. मास्तरांनी दोन उतरवले. मी पुन्हा तीन चढवले. शंभूला चढवलं. मास्तर हात जोडून म्हणाले, "अहो ताई, त्यांना बरोबर ओळखता, तर मघाशी उतरलात कशाला?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच पलीकडच्या फलाटावर खंडव्याकडून येणारी गाडी लागली.

आणि पलीकडून हाक आली, "आईऽऽ!"

गार्गी! बापाच्या खांद्यावर! मी पॅसेंजरच्या दारात एक पाय आत, एक पाय बाहेर अशी उभी होते. हे रुळांच्या पलीकडून दोन्ही हात हलवत ओरडत होते, "सुनंदा! उतर! जल्दी उतर! आता चढू नको!" दोन फलाटांवरचे सगळे लोक ओरडायला लागले, "ताई, उतरा!" स्टेशनमास्तर लाल झेंडी घेऊन धावले. पॅसेंजर थांबवून ठेवून माझे पाच नग आणि एक मुलगा उतरवला गेला. गार्ड कपाळाला हात लावून बघत होता.

पूल ओलांडून हे आले तेव्हा मी गार्गीला असं कवटाळलं की तिचा श्वास कोंडला. मी रडत होते, हेही डोळे पुसत होते. त्यांचा सदरा घामानं ओला होता आणि आवाज बसला होता. ते रागावतील म्हणून मी तयारीत होते, पण ते नुसते म्हणाले, "डब्यात आलो अन् जागेवर फकस्त एक फोन दिसला गं तुझा. जीवच गेल्ता माझा." मग मात्र मला आणखी रडू आलं.

गार्गीनं माझी हनुवटी धरून विचारलं, "आई, आपलं स्टेशन आल्तंच न्हाई. तू मधीच कामून उतरली?"

यावर दोन फलाट हसले.

संध्याकाळच्या आत आम्हाला पुढची गाडी मिळाली. उभ्यानं, दाटीवाटीत दिल्ली गाठली. मनालीची बस बुडाली, दुसरी मिळाली, बर्फही बघितला. तो शंभूला फार थंड वाटला. पण त्या छोट्या स्टेशनावरून निघताना जे झालं ते मी विसरत नाही. मास्तरांनी आधी मला चढवलं, मग सामान, मग पोरं आणि सगळ्यात शेवटी ह्यांना. गाडी हलेपर्यंत ते स्वतः दार अडवून उभे राहिले.

आता आमची वाटणी पक्की आहे. प्रवासात तिकिटं, फोन, पाणी, खर्च, दोन्ही पोरं, सगळं हे सांभाळतात. माझ्याकडे एकच काम आहे: जागेवरून हलायचं नाही. आणि लक्ष ठेवायला शंभूला माझ्या शेजारी बसवतात!