साडूंची भेसळ

आमच्या साडूंइतका कुचकामी शेतकरी कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत झाला नाही, आणि इतक्या तोऱ्यात कुचकामी शेती करणाराही दुसरा झाला नाही. बायकोची थोरली बहीण त्यांना दिली तेव्हा मुलगा एस.टी.त कंडक्टर आहे, शिवाय घरची जमीन आहे, असं दोनदोनदा सांगितलं गेलं होतं. जमीन होती, पण वरकस. खालापूरकडच्या डोंगरउतारावरची, लाल, खडकाळ. तिथं पाणी ठरत नाही, चिखल होत नाही, लावणी होत नाही. दाणे सरळ पेरायचे आणि आभाळाकडे बघत बसायचं. शहाण्या माणसानं तिथं नाचणी-वरी पेरून गप्प राहावं. साडूंनी भात पेरलं, आणि तेही एका जातीचं नव्हे. लाल टरफलाचं, काळ्या कुसळाचं, बुटकं, ढांगुळं, जाडं, बारीक, सगळं एकमेकांत. लांबून पाहिलं की वाटावं, जत्रा दमून माळावर आडवी झाली आहे.

मी सोसायटीच्या बियाण्याच्या दुकानाचा सचिव. माझ्याकडे पोतं आलं की त्याचं नाव, ते कधी आलं, कुणाला किती दिलं, सगळं भिंतीवर टांगलेलं असे. शुद्ध बियाणं एवढंच माझं दैवत. शेतात एखादं रोप इतरांहून वेगळं दिसलं की ते मुळासकट उपटायचं, याला आम्ही भेसळ काढणं म्हणतो. जो ती काढत नाही त्याला आळशी म्हणतो. साडूंना आळशीही म्हणायची सोय नव्हती. हा माणूस भेसळ काढत नव्हता, कष्टानं गोळा करत होता.

आणि गोळा करायला सरकारनंच त्यांना गाडी दिली होती. वाड्यापाड्यांवरची माणसं बोचकी घेऊन चढली की साडूंचं तिकिटांवरचं लक्ष उडे. "गाठोड्यात काय हाय गं मावशी? भात? डोंगरातलं? दाव बघू." मावशी बिचारी घाबरून गाठ सोडे, हे मूठभर दाणे खाकी खिशात टाकत आणि वर उपकार केल्यासारखे पुढे सरकत. त्या खिशातून सुटे पैसे मागितले तर निम्मी साळ हातावर येई. कळंबच्या रस्त्यावर एकदा त्यांनी भरली गाडी घंटी मारून थांबवली. ड्रायव्हरला वाटलं कुणी पडलं. हे उतरले, बांध ओलांडला आणि चार लोंब्या घेऊन परत आले.

"काय झालं रं?" ड्रायव्हर ओरडला.

"काय नाय. काळं कुसळ व्हतं. चल, मार गाडी."

माझ्या मुलीच्या लग्नातही त्यांनी आपला धंदा सोडला नाही. मंगलाष्टकं चालू असताना हे मांडवात ओणवे होऊन सतरंजी चाचपत होते. मला वाटलं, कुणाची अंगठी पडली. जवळ जाऊन पाहतो तर अक्षतांत एक दाणा टरफलासकट राहिला होता, तो यांनी चिमटीत धरलेला. "साडू, उठा हो, व्याही बघतायत!" मी दबक्या आवाजात म्हटलं. "बघू द्या. तांदूळ कुठनं आनला तेवढं सांगा." त्याच वेळी भटजींनी 'सावधान' म्हटलं. ते मला फार समयोचित वाटलं.

भाताच्या दोन तऱ्हा आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहेत. लवकर पिकतं ते हळवं आणि उशिरा पिकतं ते गरवं. वरकस जमिनीवर हळवंच येतं. साडूंचं भात हळवं, आणि भाताच्या बाबतीत ते स्वतः त्याहून हळवे. त्यांना मी एकदा नव्या बुटक्या जातीचं पिशवीभर बियाणं फुकट देऊ केलं. त्यांनी ते हातात घेऊन, लांबच्या नातेवाइकाचं मूल परत द्यावं तसं परत दिलं.

"ह्ये सगळं एका तोंडाचं हाय, साडू."

"त्यालाच शुद्ध म्हणतात. तुमची ती भेसळ आहे."

"भेसळ नाय, बिऱ्हाडं हायेत. पाऊस दडला तर एक बिऱ्हाड जगतं, लय झाला तर दुसरं. रोग आला तर तिसरं हसत उभं ऱ्हातं. तुमच्या गावात सगळ्यांना एकच दुखनं व्हनार."

"अहो, पण माझी पोती भरतात आणि तुमचं एक सूप भरत नाही!"

"सूप तर सूप. पण दरसाल भरतंय."

यावर कोण काय बोलणार? मेहुणी मात्र बोलत असे, आणि भरपूर. "लोकांचे नवरे ड्युटीवरनं येताना भाजी आनतात. आमचं ह्ये भुसा आनतात."

पुढे त्या उतारावर कारखाना येणार असं ठरलं. जमीन जाणार, हे पीक शेवटचं. बाकीच्यांना मोबदल्याची काळजी, साडूंना भाताची. आमच्या दमट हवेत साळ मडक्यात फार दिवस ठेवली तर पुढे उगवत नाही, ती दरसाल पेरावी लागते, आणि पेरायला आता माळच राहणार नव्हता. मग ते कर्जतला भातावर काम करणाऱ्या एका तरुण साहेबांच्या मागे लागले. साहेब यायला कबूल झाले. सगळी बिऱ्हाडं साहेबांच्या हवाली करायची, एवढा एकच ध्यास. साडूंची नेमकी मुक्कामाची गाडी होती; सकाळी साहेबांना घेऊनच परतायचं ठरलं. मला त्यांनी मदतीला बोलावलं होतं, म्हणून मी आधीच पोचलो.

माळ बघतो तर ओळखू येईना. मेहुणीनं आदल्या दिवशी शेजारच्या बायका जमवून भेसळ काढली होती. लाल, काळं, उंच, बुटकं, सगळं उपटून एकसारखं भात तेवढं ठेवलेलं. "साहेब येनार, भावजी. पिंजारलेलं रान दाखवायचं का त्याला?" आयुष्यात पहिल्यांदा तो माळ मला बघण्याजोगा वाटला आणि मी तसं बोललोही.

साडू साहेबांना घेऊन आले. माळ पाहून साहेब गोंधळले. "हे तर सगळं एकच दिसतंय." साडू खाली बसून उपटलेल्या जागा चाचपू लागले. मग म्हणाले, "उपाटलेलं कुठाय?"

"म्हशीला टाकलं," मेहुणी म्हणाली. "चांगलं पिकलेलं, वाया कशाला घालवायचं?"

साडू गोठ्याकडे धावले. आम्ही पोचलो तेव्हा गृहस्थ कंडक्टरच्या गणवेशात गव्हाणीवर चढून म्हशीच्या तोंडातून लोंब्या ओढत होते. "सोड गं बाय, सोड ना!" म्हैस अर्थातच सोडत नव्हती. मला हसू आवरेना. साहेब मात्र बूट काढून शेणात उतरले आणि ढिगातल्या लोंब्या वेगळ्या करू लागले. कामाचा माणूस होता. "नवी जात भरपूर पिकते, पण पाऊस दडला की मान टाकते," ते मला म्हणाले. "तिचं यातल्या एखादीशी लग्न लावून बघायचंय." साडू गव्हाणीतून म्हणाले, "आमच्या पोरी गरिबाघरच्या हायेत साहेब, पण नांदतील."

मग ओट्यावर पाकिटं मांडली. साहेब एकेक लोंबी उचलून नाव विचारू लागले. साडूंकडे नावं म्हणजे देणाऱ्यांचीच. "ह्ये ठाकरणीचं. ह्ये खोपोलीच्या हमालाचं. ह्ये रागावलेल्या म्हातारीचं, तिनं शिव्या देऊन दिलं." लोंब्या संपल्या तरी साडू ढिगात हात घालून काहीतरी शोधत राहिले.

"अजून एक लिवा," ते म्हणाले. "सासूबाईंचं."

"लोंबी?"

"नाय. म्हशीनं खाल्लं. लग्नात त्यांनी ओटीत दिलेलं, त्यांच्या माहेरच्या डोंगरातलं. तवापास्नं पेरत व्हतो. नुसतं नाव तरी लिवा."

मी म्हटलं, "अहो, रिकाम्या पाकिटावर नाव घालून काय करायचं?" मेहुणी दारात उभी होती. इतकी वर्षं ज्याला ती भुसा म्हणत आली त्यात तिच्या आईचं भात आहे, हे तिला त्या घडीला कळलं. तिनं पदर खोचला, पुढे आली आणि साहेबांवरच खेकसली, "सासूबाईंचं काय लिवता? तिला नाव नाय का? द्वारकी लिवा." साहेबांनी लिहिलं.

आता त्या उतारावर कारखान्याची भिंत आहे. साडूंची पाकिटं कर्जतला दरसाल पेरली जातात म्हणे. कुणाचं लग्न लागलं की नाही, मला माहीत नाही. साडू निवृत्त झाले, तरी सुगीत एस.टी.नं वाड्यावाड्यांवर भटकतात, सासूबाईंच्या माहेराकडच्या डोंगरात जास्त. फरक इतकाच, की आता मेहुणीही बरोबर असते. परवा मला त्यांच्याच गाडीत बसायची वेळ आली. चौक गावाच्या थांब्यावर एक कातकरीण बोचकं घेऊन चढली. साडूंना डुलकी लागली होती. मेहुणी उठली, हलत्या गाडीत दांडा धरत तिच्यापर्यंत गेली आणि म्हणाली, "गाठोड्यात काय हाय गं बाय?" दाणे तळहातावर घेतले, खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून पाहिले, परत बांधून दिले. जागेवर येऊन बसली ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाय भावजी. आईचं बारीक व्हतं."