मालिकेतून गेलेला थोरला

मालिकेतल्या थोरल्या भावानं एका मंगळवारच्या भागात घर सोडलं. भांडण झालं, त्यानं निळी बॅग उचलली आणि दार ओलांडलं. पुढच्या भागात त्याचा उल्लेख नव्हता, त्याच्या पुढच्याही नाही. त्या नटाला बहुधा दुसरं काम मिळालं असावं. जेवणाच्या टेबलाची एक खुर्चीही कमी झाली होती. तो भाग मी पुन्हा लावून पाहिला.

मी मंगरूळपीरहून एका दैनिकाला बातम्या पाठवतो. कोण, काय, कधी, कुठे, का, कसं, यातलं काही राहिलं तर डेस्कवरून फोन येतो. मालिकेनं ‘कुठे’ सोडून दिलं होतं आणि तिला जाब विचारणारं कोणी नव्हतं. ते मला छळत राहिलं.

अशातच एका संध्याकाळी मेडशीहून काकूचा फोन आला. काकूचा मुलगा, माझा चुलतभाऊ, दीड वर्षापूर्वी वडिलांशी भांडून घरातून गेला होता. फोन बंद. त्याचं नाव घरात काढायचं नाही, असा काकांचा हुकूम होता.

“तू पेपरात हाये न. थो कुठी गेला असन रे?”

“कोन?”

“मालिकेतला थोरला. अजून कोन?”

दुसऱ्याच्या पात्रांची गोष्ट आपण पुढे नेली की तिला फॅन फिक्शन म्हणतात, हे मला पुढे कळलं. मोबाइलवर गोष्टी वाचायच्या एका अ‍ॅपवर मी टोपणनावानं थोरल्याच्या पुढच्या गोष्टीची प्रकरणं टाकू लागलो. काकूला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून प्रत्येक प्रकरण माझ्या आवाजात रेकॉर्ड करून तिला पाठवायचो. काका शेतात गेले की ती ऐकायची आणि दुपारपर्यंत निकाल द्यायची. “आज काईच नाही झालं.” “त्याले जेवाले काहून नाही देल्लं?”

बसून लिहिणं मला जमत नव्हतं. तहसील कचेरीच्या व्हरांड्यात, एसटी स्टँडवर, कुठल्याशा सभेला पाहुणे येईपर्यंत, उभ्या उभ्या मोबाइलवर लिहायचो. तपासल्याशिवाय ओळ पुढे सरकत नसे. थोरला बसनं जाणार असेल तर कंट्रोलरला गाडीची वेळ विचारायची. तो हॉटेलात थांबणार असेल तर तिथला चहा आधी पिऊन बघायचा. वाचक लिहायचे की सगळं खरं वाटतं. ते वाचून पाच मिनिटं बरं वाटायचं, मग पुढच्या प्रकरणाची तगमग सुरू.

थोरल्याला दालमिलमध्ये कामाला लावायचं ठरलं, तेव्हा मी अनसिंगला गेलो. एका दालमिलच्या फाटकाबाहेर अर्धा तास उभा राहिलो. फाटक हिरवं, बाजूला कडुलिंबाचं झाड, चौकीदाराच्या भुवयांवर तुरीची पिवळी धूळ. हे सगळं प्रकरणात गेलं. वाशीमहून सकाळी नऊ पन्नासला सुटणारी गाडीही त्यात आली. शेवटी मशीनच्या पट्ट्यात सापडून थोरल्याच्या डाव्या हाताची दोन बोटं तुटली. तोवर प्रकरणात काही घडत नव्हतं, एवढंच त्याचं कारण.

बुधवारी सकाळी रेकॉर्डिंग पाठवलं. काकूनं ऐकल्याच्या निळ्या खुणा आल्या. निकाल आला नाही. दिवसभर मी फोन खिशातून काढत आणि ठेवत होतो. दोनदा लावला, तिनं उचलला नाही.

गुरुवारी साडेअकराला अनोळखी नंबरवरून फोन आला. दालमिलचा चौकीदार बोलत होता.

“भाऊ, तुमीच पेपरवाले काय? इथं एक बाई आली हाये, तिनंच तुमचा नंबर देल्ला. बोटं तुटलेला मानूस दाखवा म्हंते. आमच्या इथं कोनाचंच बोट तुटलं नाही बाप्पा. असं काही छापू नोका.”

मोटरसायकलनं पोचायला दीड तास लागला. काकू लिंबाखालच्या बाकावर बसली होती. मांडीवर जेवणाचा डबा, शेजारी पिशवीत घडी घातलेली चादर. मला पाहून उठली नाही.

“कोनत्या दवाखान्यात हाये माहा पोरगा?”

“काकू, थे मालिकेतल्या थोरल्याचं होतं.”

“मले पागल समजू नोको. तू गेट हिरवं सांगतलं, गेट हिरवं हाये. लिंब हाये. नऊ पन्नासची गाडी सांगतली, तिच्यातच बसून आली मी. मंग बोटंच तेवढी खोटी काहून रायतीन? तुमी पेपरवाले वाईट खबर घरच्याइले हळूहळू सांगता, मले मालूम हाये.”

मी मग मुद्देसूद सांगितलं. फाटक खरं, झाड खरं, गाडी खरी. माणूस खोटा. “तुह्या पोराची मले काईच खबर नाही, काकू.”

चौकीदारानं पाणी आणून दिलं. तिनं तांब्या तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

“मंग बोटं कायले तोडली? कोनं सांगतलं होतं तुले?”

तिनं डबा उघडला, दोन पोळ्या आणि भाजी चौकीदाराच्या हातावर ठेवली, दोन माझ्या. स्वतः जेवली नाही.

“आतापासून त्याले कुठी ठेवलं थे मले सांगू नोको,” ती म्हणाली. “सांगतलं त मी जाईन. तुहा काका ओरडला तरी जाईन.”

मी तिला वाशीमच्या गाडीत बसवून दिलं.

ते प्रकरण मी अ‍ॅपवरून काढलं. नवं लिहायला नऊ दिवस लागले. त्यात गाव नाही, रस्ता नाही, गाडीची वेळ नाही. थोरला सकाळी उठतो, दोन्ही हात धुतो, जेवायला बसतो. प्रत्येक वाक्यानंतर मी उठून चकरा मारत होतो, तारखेशिवाय बातमी पाठवल्यासारखं वाटत होतं. तरी ते रेकॉर्ड केलं आणि पाठवलं.

दुपारी काकूचा निकाल आला.

“काय जेवला थे नाही सांगतलं.”

मी पुन्हा रेकॉर्ड केलं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, तोंडी लावायला ठेचा. या वेळी कुठेही जाऊन काही तपासलं नाही.