पाथर्डीतली डॉली

आमच्या डॉलीचे पांढरे केस कितीही झाडले तरी संपायचे नाहीत. चादरीत, पिठाच्या डब्यात, ह्यांच्या फायलीत, कुठंही सापडायचे. तिचे किस्सेही तसेच. एक सांगायला घेतला की मागून चार निघतात!

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या ह्यांची पाथर्डीला ओव्हरसियर म्हणून बदली झाली. सोमवारी कामावर गेलेले हे शनिवारी परतत. मूलबाळ नव्हतं. नगरच्या कॅम्पातले एक मिलिटरी साहेब लांब बदलून चालले होते. त्यांची ही एवढीशी पामेरियन कुत्री ह्यांनी मागून घेतली. "तुला सोबत," म्हणाले.

•

तिला एसटीनं आणत होतो. कंडक्टरनं पिशवीत डोकावून विचारलं, "हे काय हाय?"

ह्यांनी पिशवीचं तोंड आवळून धरलं.

"कुत्रं आसंल तर खाली उतरा. ससा आसंल तर मांडीवर घ्या."

नेमकी तेव्हाच डॉली भुंकली!

"ससाच हाय," म्हणत त्यानं घंटी ओढली.

•

डॉलीला फक्त इंग्रजी कळायचं. मी सातवी पास. "सिट, कम, नो" एवढं ह्यांनी शिकवलं, तेवढ्यावर आमचं चालायचं.

एका शनिवारी शेजारच्या भागामावशीनं ह्यांना दारातच गाठलं. "सायेब, बाईला डाक्टरला दावा. घरात कुनी नसतं, आन् बाई दिसभर इंग्रजीत भांडती!"

हे पोट धरून हसले. मीही हसले. मग ध्यानात आलं, सोमवारपासून मी मराठीत कुणाशी बोललेच नव्हते.

•

डॉली आजारी पडली. गुरांच्या डॉक्टरनं तिला तळहातावर घेतलं. "बाई, माझी सुई हिच्या पायापेक्षा लांब आहे! पातळ पेज पाजा, होईल बरी."

शालीत गुंडाळून छातीशी धरून घरी निघाले. वाटेत एका अनोळखी बाईनं कौतुकानं विचारलं, "बाळाला कितवा महिना?"

"तिसरा," मी म्हणाले, आणि न थांबता चालू लागले.

•

टँकरच्या रांगेत कुणीतरी ओरडलं, "हितं मान्साला पानी न्हाई, आन् हिच्या कुत्रीला आंगुळ!"

खरं तर डॉलीच्या अंगाला महिन्याभरात पाणी लागलं नव्हतं. पण मी रिकामी कळशी घेऊन मागं फिरले, तर भागामावशीनं दंड धरला.

"कुठं चालली? हुबी ऱ्हा." मग रांगेकडं वळून म्हणाली, "तिच्या आंगुळीला लागलंच तर तांब्याभर लागंल. तुमी गप बसा, तेवढं थुंकीत वाचंल!"

•

भागामावशीचे दोन्ही लेक बायकापोरांसह ऊसतोडीला गेले होते. दुपारी डॉली हक्कानं तिच्याकडं जाऊन झोपायची. एकदा मावशी पोस्टकार्ड घेऊन आली, लेकांना लिहायचं होतं.

"लिव, आमी हितं खुशाल हाओत. काळजी करू नगा."

मी थांबले. "मावशी, 'आमी' कोण? तुम्ही तर एकट्याच."

तिनं पदरावर झोपलेल्या डॉलीकडं पाहिलं. "मग 'आमी दोघी' लिव."

लिहिलं. मावशीनं सगळं पत्र पुन्हा वाचायला लावलं. "दोघी"पाशी आले तशी ती माझ्याकडं बघत राहिली.

"चुकलं, पोरी," ती म्हणाली. "खोड ते. तिघी लिव."