ऑपरेटरची सही

सिंधूताईंना राग आला की त्या भांडी आपटत नाहीत, देवघर पुसायला घेतात. त्या रविवारी नऊ वाजेपर्यंत देवघर दोनदा पुसून झालं होतं, आणि चिपच्या कंपनीचा माणूस अजून यायचाच होता.

राग पोरावर होता. रजत पुण्याहून दोन दिवसांसाठी आला होता आणि बापाच्या दंडात काय घालायचं ते तिकडूनच ठरवून आला होता. तांदळाच्या दाण्याएवढी चिप. कातडीखाली टोचायची, म्हणजे बाबा कुठे आहेत ते त्याला पुण्यात बसून मोबाइलवर दिसणार.

काळजी खोटी नव्हती. मनोहररावांनी खापरखेड्याच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं टर्बाइन सांभाळलं. निवृत्त झाल्यावर नागपूरच्या मानकापुरात घर बांधलं, आणि मागच्या दोन वर्षांत एकेक गोष्ट त्यांच्या हातून सुटत गेली. आधी चष्मा, मग भाच्यांची नावं, मग आपण निवृत्त झालो हेच. पहाटे साडेपाचला ते डबा मागायचे. सिंधूताई डब्यात दोन पोळ्या आणि लोणचं घालून द्यायच्या. नाक्यावर उभे राहून ते ड्यूटीच्या बसची वाट बघायचे. चहाच्या टपरीवरचे नत्थूजी त्यांच्यावर नजर ठेवायचे आणि सात वाजले की म्हणायचे, "साहेब, आज सुट्टी हाय." मग ते निमूट घरी परतायचे.

मागच्या महिन्यात नत्थूजी गावी गेले आणि मनोहरराव कामठीच्या ऑटोत बसले. चार तास पत्ता नव्हता. सापडले ते एका यंत्रमागाच्या शेडमध्ये, मालकाला सांगत, की तिसऱ्या मागाचं बेअरिंग जाऊन राहिलं, आवाज ऐक. मालकाने त्यांना चहा पाजला होता आणि खरंच बेअरिंग उघडून बघितलं होतं. त्या चार तासांत सिंधूताई कोराडीच्या देवीशी काय काय बोलल्या, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

रजतने मग ठिकाण दाखवणारं घड्याळ पाठवलं. मनोहरराव रोज निघताना ते काढून आरशापुढे ठेवायचे. रजत म्हणाला, बाबा हट्टी झाले. सिंधूताईंना कारण माहीत होतं. फिरत्या मशीनजवळ हातात घड्याळ नको, अंगठी नको. लग्नातली अंगठीसुद्धा ते ड्यूटीवर जाताना काढून त्यांच्या हातात देत. हेच सांगायला त्यांनी पोराला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तो मीटिंगमध्ये होता.

साडेनऊला कंपनीचा माणूस आला. रोहित नाव, बोलायला गोड. टेबलावर एक डबी ठेवून म्हणाला, "काकू, मुंगी चावल्यासारखं वाटेल, बस."

"शेजारच्या दीप्तीच्या कुत्र्यालेही चिप हाय," सिंधूताई म्हणाल्या. "हरवला तं आठ दिवस सापडला नाही."

"ती वेगळी, काकू. तिच्यावर मशीन धरलं तर फक्त नंबर सांगते. जागा नाही सांगत. ही जागा सांगते."

"सेल कुठं हाय मंग हिचा?"

रोहितने रजतकडे बघितलं. "वरून एक पट्टा बांधावा लागतो. चार्जिंगसाठी. सध्या चाचणी चालू आहे ना, काकू. पुढे पट्ट्याची गरज राहणार नाही."

"म्हणजे आत चिप, वरून पट्टा. पट्टा काढला का चिप मुकी." सिंधूताईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "अन् घड्याळ काढणारा माणूस पट्टा काहून ठेवीन?"

"आई, तुले समजून नाही राहिलं," रजत म्हणाला. "पाच-सात वर्षांत सगळ्यांच्याच अंगात राहीन हे."

"तं आधी तुह्या अंगात घाल. मले बी दिसू दे, तीन-तीन फोन केले तरी तू कुठं असतं ते."

रोहितला हसू आलं, ते त्याने खोकून लपवलं. मग संमतीचा कागद पुढे केला. खाली 'नातेवाईक' लिहिलं होतं, तिथे रजतची सही होती. तारीख आठ दिवसांपूर्वीची.

सिंधूताईंनी तारखेवर बोट ठेवलं. "बापाले विचारलं?"

"बाबाले काय समजते आता?"

बाबा समोरच बसले होते. खुर्चीत, मांडीवर डबा घेऊन. एकतीस वर्षं ज्याच्या जिवावर अर्ध्या नागपुरात पंखे फिरले, त्याच्या दंडाचा सौदा त्याच्या समोर चालला होता, आणि चहासुद्धा त्याला कोणी विचारला नव्हता. सिंधूताईंना पोराचा राग आला, त्या गोडबोल्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. सकाळपासून त्या देवघर घासत बसल्या होत्या. विचारलं त्यांनीही नव्हतं.

त्यांनी कागद उचलला, नवऱ्याला चष्मा लावून दिला आणि कागद त्यांच्या हातात ठेवला. "अहो, हे तुमच्या दंडात मशीन बसवू म्हणतात. वाचा."

"आई, काही फायदा—"

"चूप बस."

मनोहररावांनी कागद वरून वाचला नाही. आधी खालच्या सह्या बघितल्या. बोट रजतच्या सहीवर थांबलं.

"हा कोन?"

"रजत, बाबा. मी."

"मेंटेनन्सचा हाय का?" मनोहररावांचा आवाज अचानक ड्यूटीवरचा झाला. दोन वर्षांत तो घरात कोणी ऐकला नव्हता. "कामाच्या परमिटवर ऑपरेटरची सही कुठं हाय? ज्याच्या ताब्यात मशीन, त्याच्या सहीबिगर हात लावता येत नाही. कोनी शिकवलं गा तुले काम?"

"बाबा, मग तुम्हीच करा सही," रजतने पेन पुढे केला.

मनोहररावांनी पेन घेतला.

त्यांनी कागदावर आडवी रेघ मारली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पेन परत दिला. "मशीन चालू हाय. चालू मशीनवर काम होत नाही."

मग डबा सावरला आणि बसची वेळ विचारली.

रोहितने डबी उचलली. रजत दुसरा कागद मागू लागला, तेव्हा सिंधूताई दारात जाऊन उभ्या राहिल्या. "नवीन कागद आणशीन तं त्यावर आधी माही बी रेघ पडीन," त्या म्हणाल्या. रोहित त्यांना वळसा घालून चपला शोधत निघून गेला.

आरशापुढचं घड्याळ सिंधूताईंनी उचललं आणि नवऱ्यापुढे धरलं. "हातात नाही. डब्याच्या खालच्या खणात ठेवू? मशीनपासून दूर राहीन."

मनोहररावांनी डबा पुढे केला. "डब्यात चालते," ते म्हणाले.

सिंधूताईंनी खालच्या खणात घड्याळ ठेवलं, वरच्यात पोळ्या घातल्या आणि झाकण दाबून लावलं. राग उतरला नव्हता.

"हे तुले फोनवर सांगत होती मी," त्या म्हणाल्या. "तीनदा."