राखून ठेवलेला तास

समजा, तुम्हाला पंचाक्षरींच्या खुर्चीत बसवलं. समोर राखाडी लोखंडी पॅनेल, त्यावर तीन हँडल. एक गावठाणाचं, म्हणजे घरांतले दिवे आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीवरची मोटार. बाकीची दोन शेतीची. खिडकीबाहेर जुना ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आहे आणि त्याच्या पोटातलं तेल किती तापलं, ते एका सुईवर दिसतं. वरून वीज किती येईल, ठाऊक नाही. फोन कधी वाजेल आणि ‘लोड काढा’, म्हणजे पुरवठा तोडा, असा हुकूम कधी येईल, ठाऊक नाही. वीज सोडली तर किती मोटारी एकदम उठतील, तेही ठाऊक नाही. नक्की एवढंच, की दिवस मावळायच्या आत गावाची पाण्याची टाकी भरली पाहिजे. आता भर दुपार आहे. शेतीला वीज सोडायची की राखायची, तुम्ही सांगा. आणि सांगताना ध्यानात ठेवा, फाटकाशी तुमच्या बायकोचा थोरला भाऊ उभा आहे आणि त्याचा पानमळा वाळतो आहे.

निलंग्याच्या अलीकडच्या एका उपकेंद्रावर पंचाक्षरी ऑपरेटर होते. आयटीआय करून लागले, तेव्हा लातूर नुकता वेगळा जिल्हा झाला होता. गावाला त्याचं अप्रूप होतं, पण उपकेंद्राच्या वाट्याला त्यातली हेलपाट्यांची बाजू आली. जुन्या जिल्ह्यात कागद, नव्या जिल्ह्यात सामान. एखादी मोठी वस्तू जळाली तर दुसरी कधी येईल, हे कुणीच छातीठोक सांगत नसे. त्यातच पावसानं पाठ फिरवली.

विहिरींना रात्रभर जेवढं पाझरायचं तेवढंच पाणी. ते उपसायला वीज हवी आणि वीज केव्हा येईल याचा भरवसा नाही. म्हणून शेतकऱ्यांनी आपली सोय केली होती. स्टार्टरच्या हिरव्या बटणात तुराटीची काडी खोचून ठेवायची आणि घरी जायचं. वीज आली की मोटार आपोआप उठते.

या काडीनंच पंचाक्षरींना पहिला तडाखा दिला. लोक रानात ताटकळतात, हे त्यांना बघवेना. एका सकाळी वरून खबर मिळाली, की दुपारनंतर पुरवठा चांगला राहील. त्यांनी मठाच्या भोंग्यावरून पुकारायला सांगितलं, की आज चार वाजता शेतीची लाईट येणार. कुणालाही आजवर असं आधी सांगितलं नव्हतं. ज्यांनी काड्या काढल्या होत्या त्यांनीही परत खोचल्या. चारला पंचाक्षरींनी हँडल फिरवलं आणि शिवारातल्या झाडून साऱ्या मोटारी एका क्षणी उठल्या. फीडर, म्हणजे शेतीकडे जाणारी लाईन, ट्रिप होऊन आपोआप बंद पडली. थांबायला हवं होतं. पण भोंग्यावरून शब्द गेला होता, सारं गाव वाट बघत होतं. त्यांनी पुन्हा हँडल फिरवलं. पुन्हा ट्रिप. तिसऱ्या वेळी बाहेर धप्प आवाज झाला आणि ट्रान्सफॉर्मरचं गुणगुणणं बंद पडलं.

दुसरा ट्रान्सफॉर्मर येईपर्यंत उन्हाळा निम्मा सरला. तोही दुरुस्त केलेला, जुनाच. मधल्या काळात नळ कोरडे. बाया मांजरेच्या पात्रात झिरे खोदून वाटीवाटीनं पाणी भरत. शेजारच्या धोंडाबाई काठाची माती ढासळून झिऱ्यात पडल्या, कंबर मोडली, त्या अंथरुणावरून पुन्हा उठल्याच नाहीत. पंचाक्षरी बघायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, “तू काय मुद्दाम केलं का, लेकरा?” त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर पंचाक्षरींना सोसल्या असत्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी वेगळी रीत धरली. भोंगा बंद. दर तासाला सुई बघायची आणि दिवस मावळेपर्यंतचा काळ डोळ्यांपुढे आणायचा. तोही वाईटात वाईट धरून. ऊन चढेल, फोन वाजेल, सगळ्या काड्या खोचलेल्या असतील. एवढं होऊनही टाकी भरत असेल, तरच पुढचा एक तास शेतीला वीज सोडायची. फक्त एक तास. तास सरला की जे खरं घडलं ते बघून सगळा विचार पहिल्यापासून.

आणि अशाच एका दुपारी बायकोचे थोरले भाऊ वीरण्णा फाटकाशी आले. त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं विड्याचं पान आणलं होतं, कडेनं करपलेलं. पानवेलीची मुळं एकदा सुकली की वेल जाते, नवी लावून तोडणीला यायला वर्षं जातात. मळा वीरण्णांच्या वडलांनी लावलेला. विहिरीत तासाभराचं पाणी साठलं होतं.

“पाव्हणं, एक तास द्या. जास्त मागत न्हाई.”

पंचाक्षरींनी त्यांना आत बोलावून सुई दाखवली. एकट्या मळ्याला वीज देता येत नाही, साऱ्या फीडरला द्यावी लागते, हे सांगितलं. टाकी भरली की सोडतो, म्हणाले.

वीरण्णांनी सुईकडे निरखून बघितलं. “ही तर खालीच हाय की.”

“आता हाय, आण्णा. धा मिनटानं कुठं असंल, मी कसं सांगू?”

“मग कुणी सांगायचं?”

वीरण्णा टाकी भरेस्तोवर बाहेर लिंबाखाली बसून राहिले. त्या दुपारी फोन वाजला नाही. सुई जागची हलली नाही. टाकी भरली. पंचाक्षरी हँडलकडे वळले आणि वरूनच पुरवठा गेला.

पुढचे दिवसही थोड्याफार फरकानं असेच गेले. कधी जरा वीज सोडता आली, तर पाणी मळ्याच्या टोकाला पोचायच्या आत ती काढावी लागली. गावाचं पाणी एक दिवसही तुटलं नाही. पानमळा वाळला.

वीरण्णा भांडले नाहीत. एका लग्नात चारचौघांत एवढंच म्हणाले, “आमच्या पाव्हण्यांच्या ट्रान्सफॉर्मरला ताप आला न्हाई, हे लई बरं झालं बघा.” लोक हसले. पंचाक्षरीही हसले आणि जेवण अर्ध्यावर ठेवून हात धुवायला उठले. घरी गौरम्मांनी भावाच्या मळ्यावरून नवऱ्याला कधी बोल लावला नाही; पण जेवण झाल्यावर विडा करून द्यायची त्यांची सवय होती, ती त्या उन्हाळ्यापासून सुटली. पंचाक्षरींनी कधी विचारलं नाही.

वीरण्णांनी पुढे मळ्यात तूर घेतली. पुन्हा पानवेल लावली नाही. ते वारले तेव्हा पंचाक्षरींनी खांदा दिला.

वीरण्णांची नात महानंदा आता नांदेडला इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवते. मागच्या दिवाळीत ती आली होती. सोलरवर चालणाऱ्या पंपांचं काम करते म्हणाली. ढग कधी येईल, बॅटरी किती टिकेल, पाणी किती लागेल, काहीच नक्की नसताना यंत्रानं कसं ठरवायचं, हा तिचा विषय. यंत्र पुढचे काही तास मांडतं, वाईटात वाईट धरतं, त्यातलं पहिलं पाऊल तेवढं टाकतं आणि पुन्हा नव्यानं मांडतं. पंचाक्षरी हातातला चहा विसरून ऐकत होते. आपण एकट्यानं भीतभीत जे केलं ते जगात रीतसर शिकवतात, हे ऐकून त्यांना बरं वाटलं. पण तो आनंद फार टिकला नाही.

“आजोबा, यात एक खोट आहे,” महानंदा म्हणाली. “वाईट किती धरायचं, ते आपणच ठरवतो. कमी धरलं तर यंत्र जळतं. फार धरलं तर ते सुरक्षित राहतं, पण देता आलं असतं तेही देत नाही.”

“आणि न दिलेलं कुणाला दिसत नाही,” पंचाक्षरी म्हणाले.

“हो.”

वीरण्णांचा, आपल्या सख्ख्या आजोबांचा, मळा वाळला एवढंच तिला घरात ऐकून ठाऊक होतं. हँडलवर हात कुणाचा होता, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. पंचाक्षरींनी त्या संध्याकाळी सांगितलं, काही न वगळता. ऐकून ती इतकंच म्हणाली, की तिनंही बहुधा हँडल फिरवलं नसतं.

“तसं नको सांगूस,” ते म्हणाले. “माझ्या समाधानासाठी विचारत नाही मी. वीरण्णाला जो तास दिला नाही, त्यातला ट्रान्सफॉर्मर वाचवायला खराच किती लागणार होता, आणि धोंडाबाईसारखं परत होईल या भीतीनं मी किती राखला? हे आता मागं जाऊन मोजता येतं का, बाळ?”