हँडलवरचा हात

परवा मुलीच्या गावी, अर्विंगला, आम्ही दोघी तिच्या गाडीतून कार वॉशच्या बोगद्यात शिरलो. काचांवर साबणाचं पाणी आदळलं, आत अंधारून आलं आणि माझा हात आपोआप दाराच्या हँडलवर गेला.

"आई, इट्स जस्ट अ कार वॉश!" सानिका हसली. मला काही हसू आलं नाही.

ती पाच वर्षांची असताना आम्ही दोघी अलास्कात, पाण्यावर उतरणाऱ्या एका चिमुकल्या विमानात बसलो होतो. निघण्यापूर्वी म्हाताऱ्या पायलटने दाराशी बसलेल्या सानिकाचा हात हँडलवर ठेवला. विमान उलटलं तर आधी हे धरायचं, मग पट्टा सोडायचा, असं त्याने तिला बजावलं. तिला तो खेळच वाटला.

तळ्यावर उतरताना विमान खरंच उलटलं. पेट्रोलचा भपकारा आला आणि मागोमाग बर्फासारखं पाणी नाकातोंडात शिरलं. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. पट्ट्याला उलटी लोंबकळत, सानिकाला चाचपत मी कशीबशी हँडलपर्यंत पोचले, तर तिथे आधीच एक इवलासा हात होता. त्या हातावर हात दाबूनच मी दार उघडलं. बाहेर पायलटने आम्हाला ओढून घेतलं.

सानिका म्हणते, तिला यातलं काहीच आठवत नाही. मीही कधी विषय काढत नाही.

ब्रश गाडीवर धपाधप आपटू लागले तशी ती हसायची थांबली. मी वळून पाहिलं. तिचा डावा हात तिच्या दाराच्या हँडलवर होता आणि बोटं पांढरी पडली होती.