मेहुण्याच्या मांडीतला उरलेला अर्धा तुकडा

आमच्या प्रयोगशाळेत नमुन्यांजवळ जाताना डोक्याला जाळीची टोपी घालायची सक्ती आहे. मी ती घालत नसे. माझा युक्तिवाद सरळ होता: टोपी केसांसाठी असते, मला केस नाहीत, तर टोपी कशाला? अर्धं आयुष्य प्रथिनं मोजण्यात घालवलेल्या माणसाला टकलालाही कातडी असते आणि ती झडते हे सुचू नये, यावरून माझ्या बुद्धीची कल्पना यावी. तर एका दुपारी मी सहा उघड्या नळ्यांवर बोडक्याने वाकून काम केलं. दोन दिवसांनी मशीनवरून आलेख आले, तेव्हा शेजारच्या टेबलावरची संशोधक म्हणाली, "सर, पाच नळ्या छान आल्यात. सहावीत नुसतं केरॅटिन आहे."

केरॅटिन म्हणजे कातडीचं आणि केसांचं प्रथिन.

"कुणाचं असेल?" मी विचारलं.

तिने एकदा माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि सभ्यपणे पुन्हा स्क्रीनकडे नजर वळवली.

आमचं काम तसं सांगायला सोपं आहे. पेशीत ऊर्जा तयार करणारे बारीक कारखाने असतात, मायटोकॉन्ड्रिया. त्या कारखान्यात प्रथिनांचे मोठे संच एकापुढे एक काम करतात. ते पुरेसे आहेत की नाहीत हे बघायला मांडीतून जाड सुईने भाताच्या शितापेक्षा जरा मोठा स्नायूचा तुकडा काढतात. आम्ही तो वाटतो, त्यातली प्रथिनं एन्झाइमने बारीक तोडतो, आणि मास स्पेक्ट्रोमीटर त्या तुकड्यांची वजनं करतो. वजनावरून कुठलं प्रथिन आहे आणि किती आहे ते कळतं. त्यात माणसाच्या टकलाचा कोंडा पडला, की कोंड्याचंच माप येतं. बाकीचं त्याखाली बुडून जातं.

हा किस्सा मी घरी, मीरा रोडला, जेवताना रंगवून सांगितला. गोष्टी रंगवणं हा आमच्या घराण्यात माझ्याकडे आलेला मान आहे. मुलगी हसली. बायको हसली नाही. भाताचा डाव पातेल्यातच धरून तिने विचारलं, "कुणाची नळी होती?"

"नळीवर नाव नसतं गं. नुसता नंबर."

"माझ्या भावाची असली तर?"

त्या सहांत तिच्या धाकट्या भावाची एक नळी होती, हे मला ठाऊक होतं. किस्सा जमवताना तेवढं बाजूला राहिलं होतं.

आमचा मेहुणा, वय बेचाळीस, सगळ्या खानदानात आळशी म्हणून प्रसिद्ध. दोन जिने चढला की बसायचा. लग्नकार्यात खुर्च्या उचलायच्या वेळी भिंतीला टेकलेला सापडायचा. नोकऱ्या टिकल्या नाहीत, एक ठरलेलं लग्न मोडलं. त्याला ही प्रसिद्धी मिळवून दिली ती मी, घोडबंदरची गोष्ट सांगून.

फार वर्षांपूर्वी आम्ही सगळे घोडबंदरच्या किल्ल्यावर सहलीला गेलो होतो. किल्ला कसला, टेकाड आहे, चिल्लीपिल्ली पळत चढतात. हा निम्म्यावर बसला. म्हणाला, "भावोजी, पाय उचलत नाहीत." मी जेवणाचा डबा वर नेला आणि वरून ओरडलो, "मेहुणेबुवा, जेवण इथं वाढलंय. याल तर मिळेल." तासाभराने तो आला, दोन हात आणि दोन गुडघ्यांवर, रांगत. पुढची वीस वर्षं प्रत्येक बारशाला, साखरपुड्याला मी ते रांगणं करून दाखवलं. जीभ बाहेर काढून, मध्येच "डबा, डबा" असं म्हणत. लोक डोळे पुसत हसायचे. सासूबाई सगळ्यांत जास्त हसायच्या. गेल्या वर्षी त्या वारल्या. शेवटच्या आजारातही मुलगा औषध आणायला खाली उतरून वेळेत वर आला नाही, तेव्हा म्हणाल्या होत्या, "माझ्याच पोटी असला कामचुकार कसा आला?"

डॉक्टरकडे त्याला बायको घेऊन गेली, मी नव्हे. तो तिला एवढंच म्हणाला होता, "ताई, एकदा कुणीतरी बघा तरी. मी खोटं बोलत असेन तर तसं लिहून द्या." ज्या डॉक्टरांनी तपासलं ते आमच्याच प्रयोगशाळेकडे नमुने पाठवतात. मी त्यांना फोनवर म्हणालो, "आळसाचं प्रथिन सापडलं तर माझं नाव द्या त्याला." तुलनेसाठी निरोगी माणसांचे तुकडे लागतात, तर बायकोने मला पुढे ढकललं. माझ्याही मांडीत सुई गेली आणि दोन दिवस मी घरभर लंगडत कण्हत होतो. मेहुणा त्याच्या सुईनंतर आठवडाभर अंथरुणावर होता. पुन्हा सुई टोचून घ्यायची त्याची तयारी नव्हती, आणि डॉक्टरही टोचणार नव्हते.

बिघडलेला नमुना कुणाचा ते डॉक्टरांना विचारावंच लागलं. बायकोचं बरोबर निघालं. तुकड्याचा अर्धा भाग फ्रीझरमध्ये जपून ठेवला होता, तेवढाच उरला होता. तो माणूस खरं बोलतो की नाही याचा निकाल आता त्या अर्ध्या शितात होता, आणि तो माझ्या हातात होता.

मी टोपी घातली. वर दुसरी घातली. ती संशोधक माझ्यामागे उभी राहून पाहत होती, मी तिला तसं सांगितलं होतं. चार दिवसांनी आलेख आला. पहिल्याच संचातली प्रथिनं इतकी कमी होती, की मला वाटलं मशीन चुकलं. पुन्हा चालवलं. तेवढीच आली. शेजारी निरोगी म्हणून माझा आलेख होता. माझ्या मांडीत ती प्रथिनं भरभरून होती. ती मी कशाला खर्चली, तर लोकांसमोर रांगून दाखवायला. असा आजार असलेल्या माणसाला उपाशीपोटी चढायला लावू नये, हेही मला नवं नव्हतं. त्यावर मी विद्यार्थ्यांना व्याख्यान देतो.

डॉक्टरांनी त्याला बोलावून सांगितलं. औषध फारसं नाही, जपून राहा, उपाशी राहू नका.

महिन्याभराने सासूबाईंचं वर्षश्राद्ध आमच्याकडे झालं. रत्नागिरीहून बायकोचे मामा आले होते. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. जेवणं झाल्यावर सुपारी कातरत ते म्हणाले, "जावईबापू, होऊ द्या घोडबंदर. माझ्या ताईला फार आवडायची."

मी म्हटलं, "नको मामा, आजचा दिवस नको."

"सांगा ना भावोजी," भिंतीला टेकून बसलेला मेहुणा म्हणाला. "आईच्या आवडीची आहे."

मी सुरुवात केली. तो मध्येमध्ये विचारत राहिला, अगदी शांतपणे.

"मी काय म्हणालो होतो?"

"पाय उचलत नाहीत, म्हणालास."

"कितीदा?"

"तीनदा."

"ते तुम्ही कधी सांगत नाही. डब्यात काय होतं?"

"पुरी-भाजी."

"मला उरली होती?"

"नव्हती."

मामांचा अडकित्ता थांबला होता. "अरे, झालंय काय?" त्यांनी विचारलं.

"पुढचं भावोजींना पाठ आहे," मेहुणा म्हणाला. "मशीनमधलं."

मी आलेखाचं सांगितलं, टकलाचंसुद्धा सांगितलं. टकलापाशी आल्यावर मला सवयीने वाटलं, आता कुणी हसेल. कुणी हसलं नाही.

"आता रांगून दाखवा. ते राहिलं."

"अरे, सोड ना," मामा म्हणाले.

"का मामा? दरवेळी बघता की."

मी गुडघे टेकले, हात टेकले, आणि पाटांच्या रांगेमधून निघालो. पन्नाशीत फरशीवर गुडघे फार दुखतात. मामा खिडकीबाहेर बघत होते. मुलगी आत निघून गेली. मेहुणा मात्र नीट निरखून बघत होता, जसा मी आलेख बघतो.

"डावा पाय आधी यायचा माझा," तो म्हणाला. "तुम्ही इतकी वर्षं उजवा घेत आलात."

मग भिंतीचा आधार घेत सावकाश उठला, आईच्या फोटोला नमस्कार केला आणि लिफ्टकडे गेला. त्यानंतर तो आमच्याकडे आलेला नाही.

सगळे गेल्यावर मी ओट्याशी उभा राहून ताटं विसळत होतो. बायको पुसून ठेवत होती. ताटावरून नजर न काढता ती म्हणाली, "तो अर्धा तुकडाही तुम्ही बिघडवला असता, तर आज तुम्ही हीच गोष्ट जीभ काढून सांगितली असती. आणि मीही हसले असते."